निर्णयाचा अधिकार

८ एप्रिल १९७५ चा तो दिवस. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराच्या क्रीडांगणावर पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक थंडीत बसले होते. साऱ्यांचे डोळे एकाच माणसावर खिळले होते. त्याचे नाव फ्रँक रॉबिन्सन.

बेसबॉलमध्ये संघाचा सूत्रधार असतो मॅनेजर. कोणाला खेळवावे, चेंडू फेकणारा केव्हा बदलावा, हे तोच ठरवितो. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन याने मोठ्या स्पर्धांची बंद दारे कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी उघडली. पुढे त्यांच्यापैकी अनेकांनी अपार कीर्ती मिळविली. परंतु त्यांच्या हाती संघ सोपविण्यास कोणी धजेना. त्यांनी झुंजावे आणि निर्णय इतरांनी घ्यावा, असा जणू दंडकच होता. ऑक्टोबर १९७२ मध्ये भर मैदानात जॅकीने ही खंत बोलून दाखविली. त्यानंतर नऊच दिवसांनी त्याने इहलोक सोडला.

फ्रँक हा जॅकीचा नातलग नव्हे. वारसदार मात्र खरा! दोन्ही प्रमुख लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान मिळविणारा तो पहिलाच. तरीही तो केवळ संधीची वाट पाहत बसला नाही. हिवाळ्यात पोर्तो रिकोत जाऊन तो तेथील संघ चालवी आणि मॅनेजरची विद्या शिके.

अखेर क्लीव्हलंडने त्याला पाचारण केले. त्या दिवशी जॅकीची पत्नी रेचल हिने आरंभीचा मानाचा चेंडू टाकला. फ्रँक स्वतःही फलंदाजीस उतरला आणि पहिल्याच खेपेस त्याने चेंडू कुंपणापार धाडला! संघ ५–३ असा विजयी झाला.

पण एका दिवसाच्या जयघोषाने आयुष्य सरत नाही. १९७७ साली त्याला पदावरून दूर करण्यात आले. तो खचला नाही. १९८८ साली बाल्टिमोरचा संघ आरंभीचे सहा सामने हरला, तेव्हा त्याची धुरा फ्रँकने पत्करली. आणखी पंधरा सामने हातचे गेले. सलग एकवीस पराभव! मात्र पुढच्याच वर्षी त्याच संघाने ८७ सामने जिंकले आणि फ्रँक आपल्या लीगमधील सर्वोत्तम मॅनेजर ठरला.

१९९२ साली सिटो गॅस्टन या कृष्णवर्णीय मॅनेजरच्या संघाने जागतिक अजिंक्यपद पटकाविले. २०१९ मध्ये फ्रँक निवर्तला, तोवर त्याची एकाकी पाऊलवाट रुळलेला रस्ता झाली होती. पहिल्याने काटे तुडवावे, तेव्हाच मागच्यांना वाट सापडते.