उपटलेलं पातं

पावसाळ्यात बागेत जायचं म्हटलं की आमच्या घरात आधी एक प्रश्न येतो, आणि तो छत्रीचा नसतो. गवतावर चालायचं की नाही, हा असतो. या दिवसांत जमीन जिवांनी भरलेली असते म्हणून मुनिमहाराज विहार थांबवून एका जागी राहतात. सासूबाई काही मुनी नव्हेत, पण चातुर्मासात त्याही हिरवळीवर पाय ठेवत नाहीत. पार्सेसारख्या गावात हा नेम पाळायचा म्हणजे कसरतच. आषाढ लागला की इथे पायवाट, गडगा, विहिरीचा कठडा, सगळं हिरवंगार. मग आईंचा मुक्काम बलकावावर. गुडघे आखडतात, आणि डॉक्टर म्हणतात, रोज चाला.

म्हणून पणजीची बाग. चोपड्याच्या पुलावरून शिवोली, म्हापसा करत आम्ही जातो. चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात फरसबंद वाटा आहेत, बसायला बाक आहेत. आईंना एवढंच हवं असतं. मधल्या उंच खांबावर अशोकाचे सिंह आहेत. पूर्वी तिथे वास्को द गामाचा अर्धपुतळा होता.

गेल्या श्रावणात आई वाटेवर दोन फेऱ्या मारून बाकावर टेकल्या. लेक बाजूला उकिडवी बसली आणि बोलता बोलता गवताचं एकेक पातं उपटू लागली. आईंनी तिचा हात धरला. "त्यानं काय केलं गं तुझं?"

लेक चिडली. "शाळेत आम्ही रोज मैदानावर खेळतो, तेव्हा किती गवत मरत असेल! मग खेळूच नको का?"

प्रश्न बरोबर होता. आपल्या घरांतून तो नेहमी 'मोठ्यांशी वाद घालू नये' या उत्तरावर संपतो, आणि म्हणूनच मुली पुढे विचारायच्या थांबतात. मी तिला म्हटलं, हे बघ, श्रावकाचं व्रत अणुव्रत असतं, महाव्रत नव्हे. हालत्या-चालत्या त्रस जिवांना जाणूनबुजून मारायचं नाही. झाडं-गवत एकेंद्रिय, त्यांची हिंसा संसारात पूर्ण टळत नाही. आपण भाजी खातोच ना? पण त्यासाठी वेगळं व्रत सांगितलंय, अनर्थदंडाचं. अनर्थ म्हणजे विनाकारण. उगाच माती उकरणं, पाणी सांडणं, पानं तोडणं, याला शास्त्रात प्रमादचर्या म्हणतात. तू खेळतेस ते कारण आहे. हे उपटणं काय आहे?

"टाइमपास," ती म्हणाली. मला हसू आलं. प्रमादचर्येला इतका सोपा मराठी शब्द मला सुचला नसता.

मग, बहुतेक विषय बदलायला, तिनं विचारलं, ही बाग कुणाच्या नावाची? मी सांगितलं. पोर्तुगीज वैद्य, 1534 साली गोव्यात आला. इथल्या औषधी झाडापाल्याबद्दल दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात पुस्तक लिहिलं, ते 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात गुजरातेतल्या वाण्यांबद्दलही लिहिलंय, की हे लोक जीव मारत नाहीत, पैसे मोजून पिंजऱ्यातले पक्षी सोडवतात.

आई एकदम खूश. "म्हणजे आपल्याला ओळखत होता की!"

पुढचं सांगावं की नाही, असं झालं. पण बागेत नाव वाचायचं आणि माणूस लपवायचा, हे मला पटेना. तो मूळच्या यहुदी घराण्यातला. 1568 साली वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं त्याच्या बहिणीला जाळलं, आणि 1580 साली त्याची हाडं थडग्यातून उकरून काढून तीही जाळली.

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मेलेल्यालासुद्धा?"

लेकीच्या मुठीत अजून दोन-तीन पाती होती. ती तिनं हळूच बाकाखाली ठेवली.

सूर्य कलायला लागला तसा आम्ही डबा उघडला. दशम्या, शेंगांची चटणी, थोडं दही. अंधार पडायच्या आत आटपायचं, म्हणून घाईच असते. आईंनी सांडलेले कण टिपून कागदात घेतले, मुंग्या लागतील म्हणून. पाणी पिऊन झालं तशी लेक गवतावरून पळत खांबापर्यंत गेली आणि परत आली. आई तिला रागावल्या नाहीत. फक्त हात पुढे करून म्हणाल्या, "मूठ उघड बघू."

रिकामी होती.