पहिले हजार किलोमीटर आणि खंडाळ्याचा घाट

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी प्रीमियर पद्मिनी आली, त्यांना तिचे पहिले हजार किलोमीटर आजही आठवत असतील. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गाडी. हार घालून झाला, चाकाखाली लिंबू चिरडलं गेलं, गल्लीत पेढे वाटून झाले की मागच्या काचेवर चिठ्ठी लागायची, ‘रनिंग इन’. गाडी नवी आहे, हळू चालेल, तुम्ही पुढे व्हा, एवढाच त्याचा अर्थ. मागून येणारे ट्रकवालेही तो समजून घेत आणि बाजूने निघून जात.

ती चिठ्ठी हौसेची नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारं ते १०८९ सीसीचं इंजिन दणकट होतं, पण त्याचे भाग एकमेकांत मुरायचे राहिलेले असत. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगचे, म्हणजे मुद्दाम केलेल्या घासकामाचे, बारीक, एकमेकांना छेदणारे चरे असतात. त्या चऱ्यांत ऑइल टिकतं. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासत राहतात, दोन्हींकडचे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि मग रिंग भिंतीला नीट चिकटून बसते. याला मिस्त्री लोक ‘रिंगा बसल्या’ म्हणत. रिंगा बसेपर्यंत घर्षण जास्त, घर्षण जास्त म्हणून उष्णताही जास्त. त्यामुळे नव्या गाडीचं इंजिन जरा जास्त तापणं ही तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट होती.

“साहेब, हजार होईपर्यंत पन्नासच्या वर जाऊ नका. चढावर गिअर लवकर बदला, इंजिन कण्हायला लागेपर्यंत थांबू नका. आणि पाचशेला ऑइल बदलायला आणाच,” असं मिस्त्री बजावून सांगत. पाचशेला गाडी गेली की ऑइलचा नट खोलला जाई, काळपट गरम धार पत्र्याच्या ट्रेमध्ये पडे, आणि मिस्त्री त्यात बोट बुडवून अंगठ्यावर घासत उन्हात धरत. बोटावर चंदेरी चमक दिसे. इंजिनातून झिजून आलेली ती धातूची पूड. “हे बघा, हे बाहेर आलं ते बरं झालं,” एवढंच ते म्हणत. गाडीच्या पोटात काय चाललंय ते मालकाला असं डोळ्यांनी दिसत असे.

मग यायचा घाट. खरी परीक्षा तिथे.

मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने खंडाळा चढताना मे महिन्यात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग लागलेली असे. कारण साधं होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, माणसं आणि सामान भरलेली गाडी चढते तेव्हा इंजिनावर भार पूर्ण, पण वेग इतका कमी की समोरून रेडिएटरवर वारा लागत नाही. पंखा बेल्टवर चालणारा. इंजिन मंदावलं की तोही मंदावणार, नेमका जेव्हा त्याची गरज सर्वांत जास्त तेव्हाच. त्यात रेडिएटरमध्ये विहिरीचं, नळाचं, मिळेल ते पाणी. क्षार साठून त्याच्या नळ्या अर्ध्या बुजलेल्या. तापमानाचा काटा चढत चढत शेवटाला गेला की गाडी बाजूला.

पुढचं सगळं ठरलेलं. बॉनेट वर. मुलं खाली, आई-काकूंनी आणलेले डबे कठड्यावर. वडील किंवा काका रेडिएटरच्या झाकणावर जाड ओलं फडकं टाकत, तोंड बाजूला वळवून झाकण जरासंच फिरवत, पहिल्या खाचेवर थांबत. फस्स करून वाफ निघे. ती पूर्ण निघून गेल्याशिवाय पुढची खाच नाही. मग इंजिन चालू ठेवून डब्यातलं पाणी बारीक धारेनं आत. एकदम ओतलं तर तापलेल्या धातूला तडा जाण्याची भीती, हे घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असे. पेट्रोल पंप तापून त्यात वाफ धरली की गाडी पुन्हा चालू होईना, तेव्हा त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळायचं. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायचं आणि पुढे निघायचं. त्या थांब्यात दरीकडून येणारा वारा अंगावर घेत खाल्लेल्या भाकरीची चव वेगळीच होती, असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली आणि हे चित्र हळूहळू बदलत गेलं. रेडिएटरचा पंखा विजेवर आला, म्हणजे इंजिनाच्या वेगाशी त्याचा संबंध तुटला. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि खंडाळ्याचा घाट तिसऱ्या-चौथ्या गिअरवर पार होऊ लागला. पाण्याचे डबे डिकीतून गेले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली.

आजचं इंजिन फार नेमकेपणाने घडवलेलं येतं. सिलिंडरची भिंत कारखान्यातच अशी तासलेली असते की मुरण्याचं पुष्कळसं काम आधीच झालेलं असतं. ऑइलही कितीतरी चांगलं आहे. तरीही बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत पहिल्या हजार किलोमीटरसाठीची पथ्यं छापलेली असतात. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका, इंजिन फार फिरवू नका, एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नका, मागे काही ओढू नका. हे पान कुणी वाचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शोरूममधून गाडी निघते ती थेट महामार्गावर, आणि त्याच दिवशी शंभरच्या पुढे. उलट काही जण इतकी हळू चालवतात की तेही बरं नाही. रिंग भिंतीवर दाबली जाते ती सिलिंडरमधल्या वायूच्या दाबाने, त्यामुळे मध्यम भार, कमी-जास्त होणारा वेग हेच योग्य. आणि मुरायचं असतं ते फक्त इंजिनालाच नव्हे. ब्रेकचे पॅड आणि नवे टायर यांनाही पहिले काही शे किलोमीटर द्यावे लागतात.

दुसरीकडे, नवे मालक घाबरतात ते भलत्याच गोष्टींना. गाडी बंद केली तरी पंखा फिरतोच आहे? फिरू द्या, त्याचं काम चाललंय. पहिल्या आठवड्यात बॉनेटमधून जळका वास? सायलेन्सरच्या नळ्यांवरचा संरक्षक लेप जळतोय, थोड्या दिवसांत जाईल. कूलंटचं तापमान नव्वद-शंभर अंशांवर? ते नेहमीचंच आहे. कूलंट आणि दाब धरणारं झाकण यांच्यामुळे आतला द्रव शंभरला उकळत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण-निकष आल्यावर धूर शुद्ध करणारी यंत्रणा इंजिनाला अगदी खेटून बसते, म्हणून बॉनेट पूर्वीपेक्षा जास्त तापलेलं लागतं. डिझेल गाडीत तर काजळीची गाळणी अधूनमधून स्वतःला जाळून साफ करते, त्या वेळी पंखा जोरात सुटतो आणि उष्णताही वाढते. त्यात बिघाड काही नाही.

मग घाबरायचं कशाला? लाल दिव्याला. आज पुष्कळ छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा, फार तापली की लाल, मधलं काही दिसत नाही. पद्मिनीचा काटा दोन-चार वळणं आधी सांगायचा, ‘थांबा आता’. हा लाल दिवा लागतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. त्यात आजची बहुतेक इंजिनं अॅल्युमिनियमची, एकदा बेसुमार तापली की हेड वाकतं आणि खर्च मोठा बसतो. तरीही ‘जवळच सर्व्हिस सेंटर आहे, पोहोचू’ म्हणत गाडी दामटणारे पुष्कळ. जुन्या चालकाने हे कधीच केलं नसतं.

घाटातल्या त्या रांगा पुन्हा याव्यात असं मला मुळीच वाटत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं उन्हात तासभर तिष्ठत बसत, ते गेलं हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर माणसांचं गाडीशी जे बोलणं होतं, आवाज ऐकून, वास घेऊन, बॉनेटवर हात ठेवून, ते गेलं. ते परत आणणं आपल्याच हातात आहे.

नवी गाडी घेतली असेल तर एवढं कराच. पुस्तिकेतलं ते पान गाडी सुरू करण्याआधी वाचा आणि हजार किलोमीटर पाळा. लांबच्या प्रवासाआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहा, आणि नळाचं पाणी त्यात घालू नका. लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून लगेच थांबा, इंजिन बंद करा, आणि गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.