पाया खणण्याआधी

सिंदखेड राजात 2024 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची मंडळी लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या जतनाचं काम करत होती. काम करताना काही दगड लागले, म्हणून पुढे खणलं, तेव्हा एका शिवमंदिराचा पाया उघडा पडला. मग सभामंडपाची जमीन लागली आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. ती 1.70 मीटर लांब आणि साधारण एक मीटर उंच आहे. दगड क्लोराइट शिस्टचा, म्हणजे आपल्या काळ्या बेसॉल्टच्या मुलखात सहसा न दिसणारा. या शोधाचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण नगररचनेच्या नजरेतून पाहणाऱ्या मला मूर्तीइतकाच तिच्या खोलीचा आकडा महत्त्वाचा वाटतो. सव्वादोन मीटर म्हणजे जवळपास साडेसात फूट. आपल्या काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत कॉलमचे खड्डे खाली न्यावे लागतात, आणि दुमजली घराच्या पायासाठी किंवा शौचालयाच्या टाकीसाठी एवढं खोल जाणं ही रोजची गोष्ट आहे. सिंदखेड राजात जे पुरातत्त्वज्ञांच्या हाताला लागलं, ते तसंच एखाद्या जेसीबीच्या बकेटलाही लागू शकतं, आणि तेव्हा त्याची नोंद कुणीही करणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गावात नव्या बांधकामाला परवानगी देताना आपण वरचं सगळं तपासतो आणि खालचं काहीच तपासत नाही. नगरपरिषदेकडे नकाशा गेला की चटई क्षेत्र निर्देशांक, सामासिक अंतरं, उंची आणि रस्त्याची रुंदी पाहिली जाते. केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर 1958 चा कायदा आणि त्यातली 2010 ची दुरुस्ती लागू होते. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतरच परवानगी. ही अंतरं मूळची 1992 च्या अधिसूचनेतली. वास्तूचं दर्शन झाकलं जाऊ नये, तिला धक्का बसू नये, यासाठी ती उपयोगी आहेत आणि मी त्यांच्या बाजूचाच आहे. मात्र इतिहास असा वर्तुळात बसत नाही. तीनशे मीटरची रेघ ओलांडली की पलीकडे राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली उरते. 2020 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या या नियमावलीने छोट्या घरमालकांचा त्रास कमी केला. दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर नकाशे आणि शुल्क दाखल केल्याची पोचच परवानगी ठरते, आणि तीन हजारांपर्यंत दहा दिवसांत परवानगी मिळते. सामान्य माणसासाठी हा बदल चांगलाच आहे. पण जुन्या पेठेतले बहुतेक भूखंड याच मापाचे असतात, त्यामुळे जिथे जमिनीत सर्वांत जास्त दडलेलं आहे, तिथेच खड्ड्यात डोकावणारं कुणी उरलेलं नाही.

बीबी गावातल्या माणसाला हे समजावून सांगायला लांबचं उदाहरण शोधावं लागत नाही. एका अंगाला सिंदखेड राजा, दुसऱ्या अंगाला लोणार. लोणारमध्ये तर प्रश्न आणखी खोल जातो, कारण तिथे देवळांइतकीच खुद्द मातीही वारसा आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसॉल्टमध्ये आघाताने तयार झालं, याचा भक्कम पुरावा 1973 साली मांडला गेला, तोही आघाताच्या दाबाने काचेसारख्या झालेल्या खनिजांवरून. विवराचं वय अजून वादात आहे. एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षं येतं, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. एवढी मोठी तफावत ज्या नमुन्यांवरून मिटवायची, ते बरेचसे विवराबाहेर फेकल्या गेलेल्या चुऱ्याच्या थरात आहेत. हा थर काठापासून सव्वा किलोमीटरच्याही पुढे पसरलेला आहे. हिशेब करून पाहा: रामसर स्थळ म्हणून 2020 मध्ये जाहीर झालेलं क्षेत्र 427 हेक्टर, म्हणजे सव्वाचार चौरस किलोमीटर. विवर आणि त्याभोवतीचा चुरा मिळून चौदा-पंधरा चौरस किलोमीटरच्या घरात जातात. उरलेल्या थरावर शेतं, रस्ते, प्लॉट आणि काठालगतचं लोणार शहर आहे. शहराच्या मधोमध दैत्यसूदन मंदिर उभं असल्यामुळे त्याच्याभोवती निदान कायद्याचं वर्तुळ तरी आहे. त्याच शहरात एखाद्या घराच्या पायातून निघणाऱ्या वितळलेल्या, काचेरी खड्यांना मात्र कसलंच वर्तुळ नाही. ते भरावाबरोबर ट्रॉलीत जातात. एक खडा गेला म्हणून काही बिघडत नाही हे खरं, पण शेकडो खड्ड्यांतून कुठे किती जाडीचा थर होता याची माहिती गेली, की ती कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

सिंदखेड राजा आणि लोणारच्याच जिल्ह्यातलं भोन पाहिलं की वर्तुळाच्या कायद्याची मर्यादा आणखी स्पष्ट होते. संग्रामपूर तालुक्यातल्या पूर्णाकाठच्या या गावी वर दिसणारी भव्य वास्तू नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा प्राचीन ऐतिहासिक काळातला बौद्ध स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या विहिरी हाती आल्या, आणि जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्राचा प्रश्न पुढे उभा राहिला. वर काही नसलं की वर्तुळ काढायला केंद्रच नसतं. आपल्या गावोगावच्या पांढरीचंही तसंच आहे. पिढ्यानपिढ्या राख, शेण, पडलेल्या भिंती आणि फुटकी मडकी साचून ती उंचावलेली असते. बीबीसारख्या गावात तर नगरपरिषदही नसते. गावठाणातल्या बांधकामाला ग्रामपंचायत परवानगी देते आणि तिथल्या अर्जात खालच्या थरांचा विषय येत नाही.

पायाचे खड्डेही तपासा म्हटलं की पहिला आक्षेप उशिराचा असतो, आणि तो खोटा नाही. संरक्षित स्मारकापासून 100 ते 300 मीटरच्या नियंत्रित क्षेत्रातल्या अर्जासाठी कायद्यातच पंधरा दिवस, मग दोन महिने, मग एक महिना अशी मुदत आहे. लग्नाआधी एक खोली वाढवू पाहणाऱ्या कुटुंबाला साडेतीन महिने फार मोठे वाटतात, आणि त्यात आणखी एक ना हरकत प्रमाणपत्र वाढवा असं मी मुळीच म्हणत नाही. बांधकाम सुरू केल्याची सूचना आजही द्यावी लागते आणि जोत्यापर्यंत काम आल्यावर जोते तपासणी होते. पण जोत्यापर्यंत काम आलं म्हणजे खड्डा बुजलेला असतो. तीच एक फेरी थोडी आधी, खड्डे उघडे असताना व्हावी. अभियंत्याने किंवा परवानाधारक वास्तुविशारदाने मोजपट्टी लावून चारही बाजूंची छायाचित्रं काढावीत, मातीचे थर लिहावेत, घडीव दगड, विटा, खापरं किंवा काचेरी खडे दिसले तर कळवावं. काहीच नसेल तर त्याच दिवशी काम पुढे जावं. काही दिसलं तर नोंदीसाठी पक्की मुदत असावी, सात दिवसांची म्हणा, आणि त्या मुदतीत कुणी आलं नाही तर मालकाने स्वतःच्या नोंदीवर पुढे जावं. मुदत नसेल तर लोक लपवतील. 1878 चा निखात निधीचा कायदा जमिनीत सापडलेली मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो, तरी माणसं गप्प राहतात. लोभ हे त्याचं एक कारण असेल, पण काम कायमचं अडकेल ही भीती जास्त मोठी आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मुंबईत 1995 पासून वारसा नियम आहेत, आणि तिथे वारसा वास्तूच्या मालकाला न वापरलेलं बांधकाम क्षेत्र हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून विकता येतं. मुंबईत जमिनीला भाव आहे म्हणून ते चालतं. सिंदखेड राजात असे हक्क घेणार कोण? लहान शहरात मोबदला वेगळ्या रूपात द्यावा लागेल: विकास शुल्कात सूट, काही वर्षं मालमत्ता करात माफी, आणि खरोखर महत्त्वाचं काही सापडून पाया हलवावा लागला तर त्याच्या नव्या आराखड्याचा खर्च सार्वजनिक पैशातून. इंग्लंडमध्ये 1989 साली लंडनमधल्या एका कार्यालयीन इमारतीच्या जागेवर रोझ या सोळाव्या शतकातल्या नाट्यगृहाचे अवशेष सापडले, मोठी चळवळ झाली आणि अवशेष जागेवर राखून वरची इमारत बदलावी लागली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने नियोजन परवानगीच्या टप्प्यावरच पुरातत्त्वाचा विचार करण्याची मार्गदर्शक सूचना काढली. तिथे तो खर्च मुख्यतः विकासकाच्या माथी आला. मोठ्या संकुलाच्या बिल्डरवर तो आपल्याकडेही घालावा, घरकुल बांधणाऱ्यावर नको.

सर्वांत मोठे खड्डे मात्र शासनच खणतं. सिंदखेड राजा आणि लोणार या दोन्ही ठिकाणांसाठी विकास आराखडे आहेत, आणि समृद्धी महामार्गामुळे पर्यटक वाढणार म्हणून वाहनतळ, मार्ग, प्रसाधनगृहं यांची कामं पुढेही निघत राहतील. सामान्य माणसाला लावायचा नियम त्याआधी या कामांना लागला पाहिजे, आणि तोही निविदेतच अट म्हणून. गटाराची चर ही तर आयती संधी असते, कारण ती अख्ख्या गल्लीचा छेद दाखवते.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम 45 खाली नियोजन प्राधिकरणाला शासनाच्या पूर्वसंमतीने परवानगीला अटी घालता येतात. सिंदखेड राजा आणि लोणार नगरपरिषदांनी जुन्या हद्दीतल्या प्रत्येक पायाच्या नोंदीचा ठराव करून तो शासनाकडे पाठवावा, आणि बीबीसह आसपासच्या ग्रामपंचायतींनी गावठाणापुरता तसाच ठराव ग्रामसभेत घ्यावा. तोवर ज्यांच्या घराचा पाया या दिवाळीनंतर खणला जाणार आहे, त्यांनी काँक्रीट ओतण्यापूर्वी खड्ड्याची मोजपट्टीसह छायाचित्रं काढून ठेवावीत आणि त्यांची एक प्रत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी.