गोळी घेतली आणि नाश्ता राहिला



सुट्ट्या जवळ आल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, विमानाने चाललोय, काही काळजी घ्यायची का?" मग मी कानाला दडे बसणं, पाय सुजणं, विमानात पाणी पीत राहणं, असं सगळं सांगतो. गेली पंचवीस वर्षं सांगतोय. पण घरातून निघाल्यापासून विमानतळावर पोचेपर्यंत काय करायचं, हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तो भाग मला प्रवास वाटतच नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या आईमुळे मला तो धडा मिळाला. त्यात चूक माझी होती, म्हणूनच ती सविस्तर सांगतो.

त्या दिवशी काय झालं?

आम्ही टेंभी नाक्याला राहतो. इथून मुंबईच्या विमानतळाचं टर्मिनल २ साधारण पंचवीस किलोमीटर. रात्री रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास पुरतो. सकाळी ऑफिसच्या वेळेला किती लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. १८५३ साली बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली ती आमच्या ठाण्याला आली, त्यामुळे प्रवासाच्या बाबतीत ठाणेकर जरा शेफारलेलाच असतो. "विमानतळ काय, इथेच तर आहे," असं म्हणणाऱ्यांपैकी मीही एक.

आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. वीस वर्षांचा मधुमेह, सोबत रक्तदाब. मुन्नारचे चहाचे मळे बघायची तिची फार वर्षांची इच्छा. कोचीचं विमान अकरा वाजून दहा मिनिटांनी होतं. आदल्या रात्री बॅगा भरण्याच्या गडबडीत ती जेमतेम अर्धी भाकरी जेवली. सकाळी पाचला उठली, बिनसाखरेचा चहा घेतला. पावणेसातला मी नेहमीप्रमाणे तिच्या हातावर गोळ्या ठेवल्या. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची मेटोप्रोलॉल. बायकोने थालीपीठं केली होती. आई म्हणाली, "आत्ता नको बाई, मला गाडी लागते. विमानतळावर खाईन." मी म्हणालो, "बरं, तासाभरात पोचतोच आहोत."

इथे मी चुकलो. गोळी पोटात गेली होती आणि नाश्ता डब्यात राहिला होता.

सव्वासातला निघालो. तीन हात नाक्यावरून पूर्व द्रुतगती मार्गाला लागलो. मुलुंड, ऐरोलीचा फाटा, कांजूरमार्ग, सगळं ठीक. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला वळलो आणि गाडी थांबली. मेट्रो ६ चं काम, त्यात पुढे एक ट्रक बंद पडलेला. गांधीनगरच्या चौकापर्यंत जायलाच पाऊण तास गेला. माझं सगळं लक्ष घड्याळात.

साडेआठच्या सुमारास आई एकदम चिडली. "ही खिडकी कुणी लावली?" काच आधीपासून बंदच होती. थोड्या वेळाने म्हणाली, "लग्न किती वाजताचं आहे रे?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "झोप झाली नाहीये तिची. जरा पडू दे डोकं मागे टेकून."

आमचा ड्रायव्हर पंचविशीतला मुलगा होता. आरशात बघत तो म्हणाला, "साहेब, आजींना घाम बघा किती आलाय. एसी तर फुल आहे."

मी मागे वळून पाहिलं. कपाळ, मान, ब्लाउजची पाठ, सगळं ओलं. हाताला हात लावला तर थंडगार. दवाखान्यात अशी बाई समोर आली असती तर दारातच ओळखलं असतं. स्वतःच्या आईच्या बाबतीत मी झोप आणि म्हातारपण अशी दोन निदानं करून मोकळा झालो होतो.

ग्लुकोमीटर मोठ्या बॅगेत, बॅग डिकीत, डिकीवर आणखी दोन बॅगा. पर्समध्ये शुगर फ्रीच्या गोळ्या होत्या, पण त्यांचा इथे काडीचा उपयोग नाही. पुन्हा तो मुलगाच धावून आला. त्याच्याकडे स्वतःसाठी घेतलेली फ्रूटी होती. आई जागी होती, गिळू शकत होती, म्हणून ती हळूहळू घोटाघोटाने तिला पाजली. आयआयटीच्या मुख्य गेटजवळ त्याने गाडी कडेला घेतली, मी बॅगा उतरवून मशीन काढलं. फ्रूटी पोटात गेल्यानंतरसुद्धा साखर ५८ होती. पंधरा मिनिटांनी ९१. तेवढ्यात आई म्हणाली, "काय रे, थांबलो कशाला? विमान चुकेल ना!"

असं का झालं?

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्यांचं तसं नाही. या गोळ्या स्वादुपिंडाला सांगतात, "इन्सुलिन सोड." तुम्ही जेवलात की नाही, याची त्या चौकशी करत नाहीत. ग्लिमेपिराइडचा जोर घेतल्यापासून दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त असतो. म्हणजे पावणेसातची गोळी बरोबर वाहतूककोंडीत जोरात आली. त्यात रात्रीचं जेवण अर्धं.

मेंदूला सतत साखर लागते आणि ती साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे जवळपास नाही. म्हणून साखर ७० च्या खाली जाऊ लागली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. धडधड, हात थरथरणं, भूक, घाम. साखर आणखी उतरली की मेंदूचं काम बिघडतं. चिडचिड, असंबद्ध बोलणं, गुंगी, शेवटी झटके किंवा बेशुद्धी. वयस्कर माणसांत पहिली घंटा बरेचदा वाजतच नाही, एकदम वागणंच बदलतं. आईला तर मेटोप्रोलॉल चालू होतं. या प्रकारची औषधं धडधड आणि थरथर झाकून टाकतात. घाम मात्र झाकला जात नाही. ड्रायव्हरला दिसलं ते हेच.

साखर उतरली तर काय करायचं?

एवढा भाग घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर लगेच द्या. म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, नाहीतर साधारण १५० मिली फळांचं गोड पेय. डाएट पेय चालत नाही. मशीन हाताशी नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्या. वर आली की पोळी, बिस्किटं, थालीपीठ असं काहीतरी खायला द्या.

सुरुवातीलाच थालीपीठ किंवा चॉकलेट देऊ नका. त्यातल्या तेला-तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

मग विमानाचं काय केलं?

साखर ९१ झाली, आईने दीड थालीपीठ खाल्लं. तोवर रस्ताही मोकळा झाला होता. विमान मिळण्यासारखं होतं. बायको गप्प होती, आई म्हणत होती, "मला काहीही झालेलं नाही, चला."

मी ड्रायव्हरला गाडी ठाण्याकडे वळवायला सांगितली.

आईला ते अजिबात पटलं नाही. पूर्ण रस्ताभर ती माझ्याशी बोलली नाही. पण या गोळ्यांचा परिणाम चोवीस तासांपर्यंत टिकू शकतो, आणि वयामुळे मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर त्याहूनही जास्त. एकदा वर आलेली साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून या गोळ्यांमुळे साखर उतरलेल्या माणसाला, बरं वाटलं तरी, दवाखान्यात नेऊन पुढचा दिवसभर देखरेखीखाली ठेवायला हवं. माझ्या घरात डॉक्टर होता, म्हणून मी ते घरी केलं. तुम्ही करू नका.

दुपारी सव्वातीनला, पोटभर जेवण झालेलं असूनही, आईची साखर पुन्हा ६६ झाली. ठरल्याप्रमाणे गेलो असतो तर त्या वेळी आम्ही मुन्नारच्या घाटरस्त्यावर असतो. मी तो आकडा तिला दाखवला. तिने साखरेचं पाणी घेतलं आणि म्हणाली, "तिकिटांचे पैसे गेले ना पण?" गेले. फारसे परत मिळाले नाहीत.

पुढे तिच्या तपासण्या केल्या. मूत्रपिंडाचं काम थोडं कमी झालेलं निघालं. ग्लिमेपिराइड बंद केलं, दुसरं सुरक्षित औषध सुरू केलं. खरं म्हणजे एकोणऐंशीव्या वर्षी ती गोळी खरंच हवी आहे का, हा प्रश्न मी वर्षभर आधीच विचारायला हवा होता. इतरांच्या आईच्या बाबतीत विचारतो.

निघण्यापूर्वी एवढं बघा

१. ग्लिमेपिराइड गटातली गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर असेल तेव्हाच घ्या. गोळी ताटाशी बांधलेली आहे, घड्याळाशी नाही. मात्र लांब टिकणारं बेसल इन्सुलिन परस्पर बंद करू नका. प्रवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना वेळापत्रक दाखवा.

२. औषधं, ग्लुकोमीटर, डॉक्टरांची चिठ्ठी आणि साखर ही चौकडी मांडीवरच्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन चेक-इनच्या सामानात कधीच देऊ नका. तिथे ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

३. गाडी लागते म्हणून उपाशी निघू नका. रिकाम्या पोटीही मळमळ वाढते. तासभर आधी हलकं, कमी तेलकट खा. पुढच्या सीटवर बसा, नजर दूर रस्त्यावर ठेवा, मोबाईल बंद. मळमळीची गोळी अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी विचारा.

४. लघवी लागेल म्हणून पाणी तोडू नका. आमच्या आया-आज्या हे फार करतात. मे महिन्यात त्याने चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. निघताना जाऊन या आणि वाटेतला एखादा पेट्रोल पंप आधीच ठरवून ठेवा. लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

५. हृदयविकार असेल तर बॅगा उचलण्याचा पराक्रम करू नका. छातीत, जबड्यात, हातात दुखलं किंवा दम लागला तर बसा, सांगितलेली जिभेखालची गोळी घ्या. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. विमानतळावर पोचून बघू, असं म्हणू नका.

६. वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. टर्मिनल २ मध्ये बरंच चालावं लागतं.

७. हाताशी वेळ ठेवा. हलकं सामान आणि धडधाकट पाय असतील, तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि पुढे मेट्रो ३ ने टर्मिनल २, हा रस्ता कोंडीत अडकत नाही. सकाळच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना मात्र तिथे नेऊ नका. त्यांच्यासाठी गाडीच बरी, पण एक तास आधी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरातलं वयस्कर माणूस अचानक वेगळं वागू लागलं, तर "थकलं असेल" म्हणण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावून बघा.

आम्ही तिसऱ्या दिवशी पुन्हा निघालो. ड्रायव्हर तोच होता, मी मुद्दाम त्यालाच बोलावलं. आईने घरी पोहे खाल्ले, मगच गोळ्या घेतल्या. गाडीत बसल्यावर तिने पर्समधून दोन फ्रूटी काढल्या. एक स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि दुसरी पुढे केली. "घे रे बाबा, तुझी मागची बाकी आहे."

तुमचा प्रवास सुखाचा होवो. काळजी घ्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. आपली औषधं आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका किंवा बदलू नका.)