परदेशीपुऱ्यातील रहस्यकथांचे बिऱ्हाड

इंदूरला पाहुणा आला की त्याला काय काय दाखवावे, याचा एक क्रम घरोघरी ठरून गेलेला आहे. राजवाडा, छत्र्या, लालबाग, काचमंदिर आणि रात्री सराफ्यातील खाणे. या क्रमात परदेशीपुऱ्याचे नाव कधी येत नाही, आणि त्यात कोणाचा दोष आहे असेही नाही. मालवा मिलचा चौक ओलांडून, पाटनीपुऱ्याच्या बाजारातील हातगाड्यांमधून वाट काढीत रिक्षा पुढे सरकली, की एकमेकांना टेकून उभी असलेली घरे, चक्क्या, शिंप्यांची दुकाने, कचोरीच्या कढया आणि कोपऱ्याकोपऱ्यावरची देवळे लागतात. पलीकडे इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्सच्या इमारती. डोळ्यांत भरावी अशी वास्तू एकही नाही. एकेकाळी होती ती गिरण्यांची धुराडी, आणि त्यांचाही धूर निघायचा थांबून आता बराच काळ लोटला.

नावाची मात्र मौज आहे. जुन्या मराठीत उत्तरेकडून आलेल्या माणसाला 'परदेशी' म्हणत. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात इंदुरात पहिली कापडगिरणी निघाली, पुढे मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांत राबायला दूरदूरची माणसे आली. त्यांची वस्ती ती परदेशीपुरा, असे तेथील जुने लोक सांगतात. हे नाव उच्चारताना आपण मराठी माणसे काहीशी ऐटीत असतो. जणू परदेशी ते, आणि आपण मात्र सृष्टीच्या आरंभापासून शिप्रेकाठी नांदत आहोत! असो.

आम्ही उभयतांनी आयुष्याची साठ वर्षे इंदुरात काढली. तरीही परदेशीपुऱ्यात पाय टाकण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच आले होते. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघत, आजही निघतात. त्या पाहायला रात्रभर रस्त्यावर उभे राहायचे, एवढाच काय तो आमचा त्या भागाशी संबंध. गेल्या पौषात मात्र तेथून एक निमंत्रण आले. रहस्यकथांच्या वाचकांची एक बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेथे एका घरी भरते आणि यावेळच्या बैठकीत एका निकडीच्या गोष्टीचा निर्णय व्हायचा आहे, तरी अवश्य यावे, असे कळविले होते. रहस्यकथांचे वाचक आणि निकड, हे दोन शब्द एकत्र आल्यावर न जाणे कसे शक्य होते?

घर दोन खोल्यांचे, वर पत्र्याची एक माडी. यजमान पंचाऐंशीच्या घरात. एका गिरणीत विणकाम खात्यात हजेरी-कारकून होते. वडील खानदेशातून आलेले. खोलीत दहा-बारा मंडळी दाटीवाटीने बसली होती. त्यांत मराठी चार. बाकी मालवी आणि पूर्वेकडचे, म्हणजे खरेखुरे 'परदेशी'. ताटात तळलेले गराडू आणि त्यावर जिरावन. कोपऱ्यात दोन मोठ्या लोखंडी पेट्या.

या पेट्या हीच ती निकड. माडी पाडून तेथे पक्के बांधकाम करायचे होते आणि होळीपूर्वी पेट्या हलवणे भाग होते. एकीत मराठी पुस्तके, दुसरीत हिंदी. सारी मिळून चारशेच्या आसपास. बाबुराव अर्नाळकरांची अर्धीअधिक. ज्यांच्या नावावर १९३६ ते १९८४ या काळात एक हजाराहून अधिक रहस्यकथांची नोंद गिनीज बुकाने केली, तेच हे अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू, ही माणसे एका पिढीला घरच्या माणसांइतकी ओळखीची होती. त्याखाली गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप. आणि नारायण धारप, जे खरे तर भयकथेचे धनी, पण पेटीत भेदाभेद नव्हता. दुसऱ्या पेटीत इब्ने सफी, कर्नल रंजीत, वेदप्रकाश कांबोज, ओमप्रकाश शर्मा, सुरेंद्र मोहन पाठक.

ही पुस्तके जमली कशी, हे ऐकण्यासारखे आहे. चौकाजवळ पूर्वी भाड्याने पुस्तके देणारी दोन दुकाने होती. दिवसाचे भाडे दहा पैसे, पुढे चार आणे. हिंदी पुस्तके तेथे मुबलक. अलाहाबाद, मेरठ, दिल्लीहून गठ्ठेच्या गठ्ठे येत. मराठीचे तसे नव्हते. त्या काळी महाराष्ट्रात जायचे म्हणजे मीटरगेजच्या गाडीने महू, पाताळपाणी, कालाकुंड असा घाट उतरून खांडवा गाठायचे आणि तेथे गाडी बदलायची. जो कोणी लग्नाकार्याला तिकडे जाई, त्याच्या हाती यजमान एक चिठ्ठी देत: खांडवा किंवा भुसावळ स्टेशनच्या स्टॉलवर जे अर्नाळकर मिळेल ते आणावे, मात्र सोबतच्या यादीतले नको. यादी दरवर्षी लांबत गेली. कोणी मुंबईच्या रद्दीतून आणी, कोणी बहिणीकडून मागून आणी. एक पुस्तक आले की ते क्लर्क कॉलनीपासून नंदानगरपर्यंत वीस घरे फिरून दोन-तीन महिन्यांनी परत येई, तेव्हा त्याचे कव्हर बहुधा गेलेले असे.

गिरणीत वाचायला अर्थातच बंदी होती. रात्रपाळीला पुस्तक कोठे लपवीत, याची दहा उत्तरे आम्हाला तेथे मिळाली. सर्वांत सुरक्षित जागा जॉबरचा डबा, कारण जॉबरही वाचणाऱ्यांपैकीच एक! तो फक्त अट घाली, की आपल्या आधी कोणी शेवट सांगायचा नाही. एक वाईट खोड मात्र त्या भागात फार होती, असे एक गृहस्थ म्हणाले. कोणी रागावला की दुसऱ्याच्या पुस्तकात विसाव्या पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवी. अशा एका प्रकरणावरून दोन शेजारी सहा महिने बोलत नव्हते, आणि गंमत अशी की लिहिलेले नाव चुकीचे होते.

वाचण्याच्या तऱ्हाही माणसामाणसाला निराळ्या. एक मास्तर आधी शेवटचे पान वाचतात आणि मग निवांतपणे पहिल्यापासून सुरू करतात. लेखक आपल्याला कसा फसवतो ते पाहण्यात त्यांना आनंद. एक आजी कागदावर पात्रांची नावे लिहून एकेकावर काट मारीत जातात. बिहारकडच्या एका वयोवृद्धांना अक्षरओळख उशिरा झाली, पण त्याआधी वीस वर्षे त्यांनी इब्ने सफी केवळ ऐकला होता. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर कोणीतरी 'जासूसी दुनिया'चा नवा अंक मोठ्याने वाची आणि पंचवीस-तीस माणसे ऐकत उभी राहत. इब्ने सफी १९५२ साली कराचीला गेले, तरी त्यांची पुस्तके अलाहाबादहून निघत राहिली. उर्दूतला कर्नल फरीदी हिंदीत येताना कर्नल विनोद झाला आणि सीमेची आठवणही कोणास राहिली नाही. मधली तीन वर्षे लेखक आजारी होता, पुस्तके थांबली. १९६३ साली 'डेढ़ मतवाले' आले, तेव्हाचा आनंद त्या वृद्धांनी असा वर्णिला की जणू घरचाच माणूस बरा होऊन परतला होता.

मग वाद जुंपला. झुंजार श्रेष्ठ की पाठकांचा विमल? वाद जुनाच असावा, कारण दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ होते. झुंजार कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांना शासन करतो. विमल तर स्वतःच फरारी गुन्हेगार, आणि तरीही वाचकाचे मन त्याच्याच बाजूने. साहेबाच्या देशातील रहस्यकथेत असे सहसा होत नाही. तेथे पॉयरो किंवा होम्स शेवटी गुन्हेगाराला कायद्याच्या हवाली करतो आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो; कायदा आपले काम करील याविषयी तेथे शंका नसते. आमच्या मते आपल्याकडील वाचकाला झुंजार आवडला तो या विश्वासाच्या अभावी. आम्ही तसे बोलूनही दाखविले.

यावर एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आमच्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार?" ते हुकुमचंद मिलमध्ये होते. ती गिरणी १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. कामगारांची देणी कोर्टकचेऱ्यांत अडकली आणि २०२३ च्या डिसेंबरात, म्हणजे बत्तीस वर्षांनी, सुमारे ४,८०० कामगारांच्या २२४ कोटी रुपयांचा निकाल लागला. गिरणीची सुमारे ४२ एकर जमीन विकासासाठी गेली. दरम्यान कितीतरी कामगार वारले होते. रक्कम त्यांच्या वारसांच्या हाती पडली. "एकशेवीस पानांत सगळा हिशेब पुरा होतो, खुनी सापडतो, निरपराध सुटतो," ते म्हणाले. "त्या वर्षांत काम नव्हतं, हातात वेळच वेळ. रोज एक पुस्तक वाचायचो. निदान संध्याकाळपर्यंत एक तरी केस मिटायची!"

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कोणीतरी गराडूचे ताट पुढे सरकवले.

रहस्यकथेला हलके लेखण्याची आपल्याकडे रीत आहे. मराठी साहित्याच्या इतिहासात गो. ना. दातारांच्या 'कालिकामूर्ती'ला आणि 'चतुर माधवराव'ला चार ओळी मिळाल्या तर मिळाल्या. अर्नाळकरांना तेवढ्याही देताना लेखणी अडखळते. याच पेट्या एका वाचनालयाला देऊ केल्या होत्या. तेथून उत्तर आले की दर्जेदार ग्रंथांनाच जागा पुरत नाही. जागेची अडचण खरीही असेल. पण इंदूरच्या गिरणगावात सामान्य मराठी कुटुंबाने विकत घेऊन, मागून, भाड्याने आणून वाचलेले मराठी ते हेच होते. १९३५ साली इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले, पुन्हा २००१ साली भरले. दोन्ही खेपांना परदेशीपुऱ्यातील किती मराठी माणसे मंडपात गेली असतील? काळा पहाड मात्र त्यांच्या उशाशी होता.

आणि या पुस्तकांनी केलेले एक काम तर आम्ही डोळ्यांनी पाहिले. यजमानांची दृष्टी काचबिंदूने दहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्यांची सून त्यांना वाचून दाखवते. ही सून देवासकडची, माहेरी मालवी बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी समजे, बोलता येत नव्हते. लिपी एकच, म्हणून अडखळत अर्नाळकर वाचू लागली आणि तेथूनच भाषा उचलली. परिणामी तिचे मराठी रहस्यकथेचे आहे. पुढच्या खोलीला ती 'दिवाणखाना' म्हणते. मुलगा शाळेतून आल्यावर दप्तराची 'झडती' घेते, दूधवाल्यावर 'पाळत' ठेवते. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' वाचण्यासाठी पुष्कळांनी हिंदी शिकून घेतले, असे आपण ऐकत आलो. येथे झुंजारने एका मालवी घरच्या मुलीला मराठी केले. आज त्या घरात नातवंडांशी मराठीत बोलते ती तीच. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, हिंदीत उत्तर देतो.

ती चहा करायला आत गेली तेव्हा यजमान हलक्या आवाजात म्हणाले, "पेटीतल्या बऱ्याच पुस्तकांचा शेवटचा फॉर्म गळून गेलाय. सूनबाई ते मला कधी सांगत नाही. शेवट आपल्या मनानं रचते आणि वाचल्यासारखा सांगते. मूळ शेवट मला पाठ आहेत, पासष्ट साली वाचलेत मी."

"मग तुम्ही काही बोलत नाही?" आम्ही विचारले.

"कशाला बोलू? तिचे कित्येकदा जास्त चांगले असतात. एकदा तर तिनं विजयालाच खुनी ठरवली होती!"

झुंजारची पत्नी विजया! हा शेवट अर्नाळकरांना कितपत रुचला असता, कोण जाणे.

निर्णयाला संध्याकाळ झाली. एक सूचना रद्दीची होती. ती मांडणाऱ्या तरुणाकडे सर्वांनी असे पाहिले की त्याने ती लगेच मागे घेतली. दुसरी सूचना पुण्यामुंबईच्या एखाद्या संग्राहकाला पाठवण्याची. तेथे पुस्तके काचेच्या कपाटात सुरक्षित राहतील हे सर्वांना मान्य होते. मास्तर म्हणाले, "सुरक्षित राहतील, पण वाचेल कोण?" यजमानांचा कल कळेना. ते नुसते पेटीच्या झाकणावर हात ठेवून बसले होते.

शेवटी बोलली ती सूनबाई. पेट्या जाऊ देत, पुस्तके जाऊ नयेत, असे तिचे म्हणणे. प्रत्येकाने आपल्या घरी वीस-पंचवीस पुस्तके ठेवावीत, कोणाकडे कोणती ते एका वहीत लिहावे, आणि दर बैठकीला अदलाबदल करावी. ज्या पुस्तकाची पाने गेली आहेत त्याचा मूळ शेवट ज्याला आठवतो त्याने सांगावा, ती लिहून घेऊन आत चिकटवील. हे शेवटचे वाक्य बोलताना तिने सासऱ्यांकडे पाहिले, आणि ते गालांतल्या गालांत हसले. बहुधा दोघांनाही सारे ठाऊक असावे.

वही तेथेच आखली गेली. मराठी पुस्तके पाच घरांत, हिंदी आठ घरांत. बिहारकडच्या वृद्धांनी हट्टाने तीन मराठी पुस्तके घेतली. नात वाचून दाखवील म्हणाले. ती मराठी कोठे शिकली, असे विचारता त्यांनी सूनबाईंकडे बोट दाखविले.

आमच्या वाट्याला बावीस आली. कापडी पिशवीत भरून ती रिक्षात ठेवली. वहीत आमच्या नावासमोर शेरा आहे: 'पैकी सहा अपुरी. दोन फाल्गुनच्या बैठकीला परत.' त्या दोहोंपैकी एक आम्ही त्याच रात्री वाचून काढले. एकशे चार पाने आहेत, पुढची गेली आहेत, आणि आमच्या घरात सध्या दोन खुनी आहेत: एक यांचा, एक माझा.