फांद्या आणि पट्ट्या

जबलपूर, शुक्रवार रात्र

गणपतीच्या स्मरणिकेचं काम यंदाही माझ्याच गळ्यात पडलंय. गोलबाजारातून परतताना भिजलो. चहा घेऊन संगणकावर फ्रीमाइंड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर उघडलं. मधोमध ‘स्मरणिका’, भोवती फांद्या: लेख, जाहिराती, छपाई, वाटप. टोनी बुझान यांनी १९७४ साली बीबीसीवरून लोकप्रिय केलेली ही माइंड मॅपची रीत मला फार भावते. सुचेल ते सुचेल तिथे टाकायचं. तासाभरात चाळीसेक फांद्या झाल्या आणि काम उरकलंच असं वाटायला लागलं.

गेल्या वर्षी तिथेच फसलो होतो. नकाशात जाहिराती डावीकडे, छपाई उजवीकडे. एकमेकींशी बोलणंच नाही. प्रत्यक्षात शेवटची जाहिरात आल्याशिवाय पानं लागत नाहीत. स्मरणिका विसर्जनानंतर हाती आली. काकू म्हणाल्या, “पुढच्या वर्षीची लवकर झाली की रे!”

म्हणून आज त्याच फांद्या गँटप्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या म्हणून उतरवल्या. इथे प्रत्येक कामाला दिवस द्यावे लागतात, शिवाय ‘हे कशानंतर?’ याचं उत्तरही. हेन्री गँट यांचा तक्ता १९१०च्या दशकातला, पण खोड मोडतो. जाहिरातींची पट्टी चार दिवस ओढली, तर मुद्रितशोधन, छपाई, बांधणी सगळं निमूट पुढे सरकलं. थेट विसर्जनापार! धसकाच बसला. अर्थात नुसता तक्ता घेऊन बसलो असतो, तर गठ्ठे आणायला रिक्षा लागेल हे सुचलंच नसतं.

जाहिरातींची शेवटची तारीख आठ दिवस अलीकडे आणली आहे. मंडळी, मजकूर वेळेत पाठवा.