मोटारीच्या पोटाखालचा दांडा

धारूरच्या घाटांत बस डावीकडे वळली, कीं आंतील सारीं माणसें एकजात उजवीकडे कलतात. ओळख ना देख अशा गृहस्थाच्या खांद्यावर आपलें मस्तक टेकतें, फळीवरचें गांठोडें सरकतें, आणि कोणी म्हातारी देवाचें नांव घेते. माणसांबरोबर गाडीही कलत असते. पण तें आंतून दिसत नाहीं, मागून येणाऱ्यास दिसतें. हें कलणें आवरण्यासाठीं मोटारीच्या पोटाखालीं एक पोलादी दांडा बसवितात. त्याचें पुस्तकी नांव अँटिरोल बार. आमच्याकडील मिस्त्री त्यास स्टॅबिलायझर म्हणतात. गेल्या नाताळच्या सुट्टींत या दांड्यावरून आमच्या ओसरीवर मोठा वाद माजला, म्हणून त्याच्याविषयीं चार शब्द लिहीत आहें.

दांड्याचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा. त्याचा मधला भाग रबरी बुशांत धरून गाडीच्या सांगाड्यास अडकवितात, आणि दोन टोकें डाव्या व उजव्या चाकाच्या जोडणीस बांधतात. दोन्ही चाकें एकदम वर उचललीं, तर दांडा आपल्या बुशांत नुसता फिरतो, विरोध करीत नाहीं. पण एक चाक वर आणि दुसरें खालीं गेलें, कीं ओलें धोतर पिळावें तसा तो पिळला जातो. पोलादास पीळ रुचत नाहीं. तें उलगडूं पाहतें, आणि त्या धडपडींत कलणारी बाजू उचलून धरतें. कॅनडांतील फ्रेडरिक्टन गांवच्या स्टीफन कोलमन यांस या युक्तीचें पेटंट १९१९ सालीं मिळालें. दांड्याच्या जाडीचा महिमा मोठा आहे. २० मिलिमीटरच्या जागीं २४ मिलिमीटरचा दांडा घातला, तर त्याचा ताठपणा दुपटीहून किंचित् अधिकच होतो.

वादाचें कारण असें झालें. शेजारच्या काकांनीं नुकतीच एक जुनी जीप घेतली. वळणावर ती फार कलते, ही त्यांची तक्रार. आणि मिळेल तो सर्वांत जाड दांडा मागें बसविला, म्हणजे ती कधींच उलटणार नाहीं, ही त्यांची श्रद्धा. माझा भाचा, आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी, पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. तेथील मुलें एकआसनी शर्यतीची मोटार स्वतः बनवून ती कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेस नेतात. त्यामुळें या विषयांत त्याची वाणी जरा अधिकच मोकळी. तो म्हणाला, “काका, दांडा वजन नाहींसें करीत नाहीं. तें कोणत्या चाकाच्या माथीं मारावयाचें, एवढेंच तो ठरवितो.” काका म्हणाले, “पुण्याचें पाणी दुसरें काय!” तेव्हां त्यानें धाकटीची पाटी मागून घेतली.

समजा, स्पोर्ट्स मोटारीचें वजन १२०० किलो, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच. वळणावर बाहेर ओढणारा जोर वजनाच्या निम्मा, म्हणजे ६०० किलो, असला, तर ६०० ला ५० नें गुणून १५० नें भागावें. उत्तर २०० किलो. इतका भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. उभ्या गाडीच्या प्रत्येक बाजूस ६०० किलो होते. आतां आंत ४०० आणि बाहेर ८००. या हिशेबांत दांड्याचें नांव कोठेंही आलें नाहीं, हें चाणाक्ष विद्यार्थ्यांनीं ओळखलेंच असेल. दांडा जाड असो, बारीक असो वा मुळींच नसो, ते २०० किलो जवळजवळ तेवढेच राहतात.

मग दांडा करतो काय? त्यांतील किती भार पुढच्या जोडीनें सोसावा आणि किती मागच्या, ही वांटणी करतो. आतां टायरवरील भार दुप्पट केला, म्हणून त्याची जमिनीवरील पकड दुप्पट होत नाहीं. कांहींशी कमीच भरते. म्हणून ज्या जोडींत एका चाकावर फार आणि दुसऱ्यावर थोडा भार पडतो, त्या जोडीची एकंदर पकड घटते. पुढचा दांडा जाड केला, तर पुढचीं चाकें आधीं हार खातात. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडीचें नाक वळणाबाहेर जाऊं लागतें. मागचा जाड केला, तर शेपूट बाहेर येतें आणि गाडी भोंवऱ्यासारखी फिरूं पाहते. पहिली खोड बहुधा वेग कमी केल्यानें आवरते. दुसरी कुशल हातासच आवरते. यास्तव रोजच्या वापराच्या गाड्यांत पहिली खोड थोडी मुद्दामच ठेवलेली असते. स्पोर्ट्स मोटारींत दोहोंच्या मधला तोल साधावयाचा असतो, आणि त्यापायीं हीं मुलें दांडे बदलून बदलून दिवसभर तींच वळणें घेत बसतात. पावसाळ्यांतला निसरडा घाट आणि मागें जाड दांडा बसविलेली जीप, हें चित्र भाच्यानें रंगविलें, तेव्हां आंतून काकूंनीं “नको ग बाई!” असा निकाल दिला.

आणखी एक गोष्ट. एक चाक दगडावर चढलें, तर त्याचा धक्का दांड्यावाटें दुसऱ्या चाकासही पोंचतो. शेजारची कटकट आपल्या घरांत यावी तसा. म्हणून रँग्लर रुबिकॉनसारख्या रानांत फिरणाऱ्या जीपगाडींत पुढचा दांडा बटण दाबून सोडवितां येतो. आमच्या जिल्ह्यांतील रस्त्यांचें वर्णन करण्याची ही जागा नव्हे.

पण पाटीवरील त्या आंकड्यांनीं माझें चित्त निराळ्याच वाहनाकडे गेलें. दसरा-दिवाळी उरकली, कीं आपल्या जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें कोयता घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांचे आईबाप त्यांत असतात. ऊस भरलेल्या ट्रॉलीवर कधीं कधीं माणसेंही बसलेलीं मीं पाहिलीं आहेत. तिच्या चाकांमधील अंतर १८० सेंटिमीटर आणि भाराचा गुरुत्वमध्य २ मीटर उंच धरूं. अंतराचा निम्मा ९० सेंटिमीटर, त्यास २०० नें भागलें कीं ०.४५. म्हणजे बाहेर ओढणारा जोर वजनाच्या निम्म्यासही पोंचण्यापूर्वीं आंतलीं चाकें उचलतात. वळणाची त्रिज्या २० मीटर असली, तर तासाला सुमारें ३४ किलोमीटर वेग यास पुरतो. आणि रस्ता बाहेरच्या बाजूस उतरता असेल, किंवा पाटे व टायर दबले, तर त्याहूनही कमी. स्पोर्ट्स मोटारीचा तोच आंकडा १.५ येतो. साधे टायर इतका जोर धरूंच शकत नाहींत. सपाट सडकेवर ती उलटण्यापूर्वीं घसरते. ट्रॉली घसरण्यापूर्वीं उलटते. येथें मिस्त्र्याच्या कोणत्याही दांड्याचा इलाज चालत नाहीं. उंची कमी करा किंवा वेग कमी करा.

जानेवारींत नववीच्या मुलांनीं सुतळी घेऊन रस्त्याकडेला उभी असलेली एक रिकामी ट्रॉली मोजली. एका मुलानें विचारलें, “गुरुजी, मग चाकें आणखी लांब कां नाहीं बसवीत?” तिच्या मालकानें अरुंद शिववाटेकडे बोट दाखविलें. त्या मुलाचे वडील हंगाम संपवून परतल्यावर शाळेंत भेटावयास आले, तेव्हां त्यांस मीं तो ३४ चा आंकडा सांगितला. ते म्हणाले, “गुरुजी, आंकडा आम्हांस ठाऊक नव्हता. पण आमचे आजोबा उतार आला कीं बैलगाडींतून बायकापोरांना खालीं उतरवीत आणि गाडी एकटीच पुढें नेत. आमच्या टोळींत अजून तसेंच करतात. ड्रायव्हर कुरकुरतो, कारखान्यावर नंबर मागें पडतो म्हणतो; पण आम्ही उतरतोंच.”